काउंटरमागं एक स्टूल ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही घरातल्या सगळ्या बायका सांगलीत कापडपेठेत गेलो होतो. लग्नसराई असल्यामुळं दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्हाला साड्या दाखवणारी पोरगी असेल बावीस-तेवीस वर्षांची, हसतमुख, एकामागून एक घड्या उलगडत होती. दुपारचे चार वाजून गेले असतील, तेव्हा मला दिसलं की ती काउंटरमागं एका पायातली चप्पल हळूच काढून त्या पायाचा पंजा दुसऱ्या पोटरीवर घासतीय, मग पाय बदलून परत तेच, आणि हे सगळं करताना आमच्याकडं बघून "ताई, हा रंग बघा" म्हणतीय. बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं, कारण मी स्वतः एकोणीस वर्षं असंच केलंय आणि शेवटी घोट्याला जखम घेऊन घरी बसले. त्या पोरीला बघून रात्री झोप लागली नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

मी ज्या दुकानात होते त्याचं नाव लिहीत नाही, मालक माणूस म्हणून वाईट नव्हते. पण नियम होता, गिऱ्हाईक असो नसो, उभंच राहायचं. सकाळी साडेनऊला उभं राहिलं की रात्री साडेआठपर्यंत, मधी जेवायला अर्धा तास. बसलेली दिसली तर दुकान झोपल्यासारखं वाटतं असं म्हणायचे. तरुणपणी काही वाटत नाही बघा. दुसऱ्या बाळंतपणानंतर गुडघ्याच्या मागं निळ्या-जांभळ्या रेघा दिसायला लागल्या, मग दोन-तीन वर्षांत डाव्या पोटरीवर शिरा अशा फुगल्या की दोरीचा गुंता ठेवल्यासारखं दिसायचं. संध्याकाळी पाय शिशाचे झाल्यासारखे जड, चपलेचा पट्टा रुतलेला, रात्री झोपेत पोटरीत असा गोळा यायचा की ओरडून उठायचे. पण सकाळी पाय हलका असायचा, सूज उतरलेली असायची, म्हणून मी रोज म्हणायचे की दमणूक आहे, आराम पडला की बरं वाटतं. नंतर मला कळलं की हीच तर खूण आहे. रात्री आडवं पडल्यावर उतरणारी आणि दिवसभर उभं राहिल्यावर चढणारी सूज, जडपणा, ही शिरांच्या दुखण्याची, व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात त्याची, चाल आहे.

आता इथं एक गोष्ट मला मुद्दाम सांगायचीय कारण माझी चार वर्षं याच्यात गेली. आपल्याकडं 'नस' हा एकच शब्द सगळ्याला वापरतात. कमरेतून पायात कळ गेली तरी नस, हाताला मुंग्या आल्या तरी नस, मान आखडली तरी नस, आणि पायावर निळी शीर फुगली तरी नसच. मी जाईन तिथं "पायाची नस दुखतीय" सांगायचे. मग कुणी कमरेचा एक्सरे काढला, कुणी ताकदीची इंजेक्शनं दिली, एका गावात नस मोकळी करून देणारे आहेत म्हणून तिथं जाऊन तेल लावून रगडून घेतलं, दोन दिवस काळंनिळं झालं आणि परत होतं तसंच. डॉक्टरांचंही मी सगळं चूक म्हणत नाही, मी साडी घोट्यापर्यंत नेसून खुर्चीत बसून नस दुखते एवढंच सांगितलं तर त्यांना काय कळणार. संवेदना नेते ती नस वेगळी, रक्त नेते ती शीर वेगळी. दवाखान्यात गेल्यावर सरळ म्हणा, "माझ्या पायावरच्या शिरा फुगल्यात, संध्याकाळी सूज येते", आणि लाज न बाळगता उभं राहून गुडघ्याच्या वरपर्यंत पाय दाखवा. आडवं झोपून दाखवलं तर शिरा बसतात, काही दिसत नाही.

घोट्याच्या आतल्या अंगाला खाज सुटायला लागली, कातडी तपकिरी, काळसर झाली. सगळ्यांना वाटलं गजकर्ण. मेडिकलमधून आणलेली मलमं वर्षभर लावली. खाजवून खाजवून एक दिवस तिथं रुपयाएवढी जखम झाली आणि ती भरेचना. तेव्हा माझ्या आईचा पाय डोळ्यापुढं आला. आई तासगावकडं द्राक्षबागेत जायची, छाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, सगळी कामं मांडवाखाली हात वर करून दिवसभर उभ्यानं. तिच्या घोट्याला अशीच जखम कितीतरी वर्षं होती, तेवढ्याच जागी, आतल्या अंगाला. ती हळद भरायची आणि जुन्या धोतराची पट्टी बांधायची. सांगलीच्या हळदीला जगात मान आहे आणि मलाही तिचा अभिमान आहे, पण वरून हळद भरून आतली शीर दुरुस्त होत नाही हे आम्हाला सांगायलाच कुणी नव्हतं. आईच्या मावशीला पण हेच होतं म्हणे. आमच्याकडं लोक म्हणायचे या घरातल्या बायकांच्या पायाला दोष आहे. दोष कसला, हे घराण्यात चालतं हे खरं, आईवडलांना असेल तर मुलांना व्हायची शक्यता वाढते, त्यात बाळंतपणं, वजन, वय आणि उभ्याचं काम यांची भर पडते.

शेवटी मुलीनं, ती नर्सिंग शिकतीय, मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला जे समजावलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण आमचं माहेर शेतकरी. ते म्हणाले, नदीवरच्या मोटरीचा फुटव्हॉल्व्ह खराब झाला तर काय होतं? मी म्हटलं, चढवलेलं पाणी परत खाली येतं, मोटर पाणी धरत नाही. म्हणाले, तुमच्या पायात तेच झालंय. हृदय रक्त पायापर्यंत ढकलतं, पण परत वर आणायचं काम पोटरीचे स्नायू करतात, प्रत्येक पावलाला पोटरी आवळते आणि शिरेतलं रक्त वर सरकतं, आणि ते खाली घसरू नये म्हणून शिरेत जागोजागी झडपा असतात, फक्त वरच्या बाजूला उघडणाऱ्या. म्हैसाळ योजनेत कृष्णेचं पाणी जसं एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात उचलत जतच्या माळापर्यंत नेतात, तसं टप्प्याटप्प्यानं. तुम्ही एका जागी नुसत्या उभ्या राहता तेव्हा पोटरीचा पंप बंद, आणि रक्ताचा सगळा भार खालच्या शिरांवर. शीर ताणून रुंद झाली की झडपेची दोन पानं एकमेकांना भिडत नाहीत, मग रक्त उलटं गळतं, खालची शीर अजून फुगते, तिची झडप पण निकामी. आणि घोट्यापाशी दाब सगळ्यात जास्त म्हणून तिथंच रक्तातल्या तांबड्या पेशी बारीक शिरांतून बाहेर झिरपतात, त्यातलं लोह कातडीत साठतं, तो तपकिरी डाग. म्हणजे जवळजवळ गंजच म्हणा. मग कातडी कडक होते, तिला पोषण मिळत नाही, आणि साधं खरचटलेलं सुद्धा भरत नाही.

हे ऐकल्यावर मला रडू आलं, कारण एवढं सोपं होतं ते आणि एवढी वर्षं कुणी सांगितलं नाही.

तपासणी म्हणजे कलर डॉपलर, सोनोग्राफीसारखीच, सुई नाही, दुखणं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, ही तपासणी उभं राहून झाली पाहिजे, नुसतं झोपवून केलेल्या डॉपलरमध्ये उलटा प्रवाह नीट धरता येत नाही. मला एका पायावर भार देऊन उभं केलं, पोटरी दाबली, पडद्यावर एक रंग दिसला म्हणजे रक्त वर गेलं, आणि हात सोडल्याबरोबर दुसरा रंग भसकन खाली आला. कातडीखालच्या वरवरच्या शिरांमध्ये अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं रक्त आलं तर झडप निकामी धरतात, माझं तर थांबतच नव्हतं. जांघेपासून घोट्यापर्यंत आतल्या बाजूनं जी लांब शीर जाते तिचीच झडप अगदी वरती जांघेत गेलेली, आणि मी मलम लावत होते खाली घोट्याला.

उपचाराची भीती मला पण होती. शीर बंद करणार म्हटल्यावर घरात सगळे म्हणाले, पाय वाळेल, लंगडी होशील. डॉक्टरांनी सांगितलं की पायातलं बहुतेक रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतून जातं, आणि ही वरवरची खराब शीर तशीही रक्त वर नेत नव्हती, उलटं खाली आणत होती, ती बंद केली तर रक्त चांगल्या वाटेनं जातं. फक्त खोल शिरा मोकळ्या आहेत ना ते डॉपलरमध्ये आधी बघावं लागतं. माझं लेसर झालं. जागेवर भूल देऊन, बारीक छिद्रातून तार घालून शीर आतून बंद केली, आणि त्याच दिवशी मी चालत खाली आले. रेडिओफ्रिक्वेन्सीनं पण करतात, बारीक शिरांना फेसाचं इंजेक्शन देतात, आणि जुनं शीर ओढून काढायचं ऑपरेशन अजून काही ठिकाणी लागतं, कुणाला काय ते डॉक्टर ठरवतील. खर्चाचं विचाराल तर सरकारी आरोग्य योजनेच्या हॉस्पिटलात माहिती द्यायला आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारल्याशिवाय घाबरून परत येऊ नका. आणि एकदा केलं म्हणजे कायमचं सुटलं असंही नाही, पुढं दुसऱ्या शिरा फुगू शकतात, हे मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं ते बरं झालं.

मुलीनं मला सांगितलेली एक गोष्ट इथं लिहिते. 2018 साली इंग्लंडमध्ये पायाला अशी जखम असलेल्या 450 लोकांवर झालेला एक अभ्यास छापून आला. सगळ्यांना दाबपट्टी होतीच, पण निम्म्यांच्या शिरेवर लगेच उपचार केला आणि निम्म्यांचा मागं ठेवला. लगेच केलेल्यांची जखम भरायला साधारण 56 दिवस लागले, मागं ठेवलेल्यांना 82. आपल्याकडं अजून लोक म्हणतात, आधी जखम भरू दे मग ऑपरेशनचं बघू. जखम शिरेमुळं आहे, शीर तशीच ठेवून ती भरायची वाट बघणं म्हणजे टाकीचा नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

आता मोज्यांचं. दाबाचे मोजे म्हणजे नुसते घट्ट मोजे नव्हेत, घोट्याला दाब जास्त आणि वर कमी होत जातो. साधं क्रेप बँडेज मनानं बांधलं आणि वरती घट्ट झालं तर उलटं नुकसान. घोटा, पोटरी, पायाची लांबी टेपनं मोजून घ्यायचे, आणि मापं सकाळी घ्यायची, सूज नसताना. घालायचे पण सकाळीच, अंथरुणातून उठून कामाला लागायच्या आधी, एकदा सूज चढली की ते चढतच नाहीत. मला सुरुवातीला वीस मिनिटं लागायची, घाम यायचा, रडकुंडीला यायचे. मग एका बाईनं युक्ती सांगितली, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालायचे, मोजा टाचेपर्यंत उलटा करायचा, पाय घालून मग तळहातानं थोडा थोडा वर सरकवायचा, वरच्या काठाला धरून ओढायचं नाही. सांगलीच्या एप्रिल-मे मधल्या उन्हात ते नको वाटतात हे खरंय, मी दुपारी दुकानात कितीदा काढून पिशवीत ठेवलेत. पण जेवढे तास उभं काम तेवढे तास तरी घाला. हातानं धुवून सावलीत वाळवायचे, पाच-सहा महिन्यांत इलॅस्टिक सैल होतं, मग तो मोजा असून नसल्यासारखा. आणि हे मोठ्या अक्षरात छापा अशी विनंती आहे, ज्यांना साखर आहे, जे तंबाखू-बिडी ओढतात, ज्यांचे पाय गार पडतात किंवा चालताना पोटरी धरते त्यांनी पायात रक्त नीट पोचतंय का हे तपासल्याशिवाय दाबाचे मोजे घालू नयेत. रक्त आधीच कमी पोचत असेल तर त्या दाबानं पाय धोक्यात येतो.

घरी काय करायचं ते सोपं आहे. दिवसातनं दोन-तीनदा पंधरा मिनिटं पाठीवर झोपून पाय छातीपेक्षा वर ठेवायचे, पाटावर ठेवलेले पाय त्यात धरत नाहीत. मी पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवलीय. उभ्या उभ्या टाचा उचलायच्या खाली ठेवायच्या, वीस-पंचवीस वेळा, काउंटरमागं कुणाला दिसत पण नाही. चालणं चांगलं, एका जागी उभं राहणं वाईट, एवढा फरक डोक्यात ठेवायचा. संध्याकाळी गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसायची आपल्याकडं सवय आहे, त्यानं शिरा अजून फुगतात, माझी तरी सूज वाढायची. आणि फुगलेली शीर रगडून घेऊ नका, मी घेतली, तुम्ही नको.

दोन वेळा मात्र थांबायचंच नाही. एक म्हणजे शीर फुटणं. आमच्या दुकानातल्याच एका बाईची घोट्याजवळची शीर अंघोळ करताना फुटली. दुखलं काहीच नाही, पायाखालचं पाणी लाल दिसलं तेव्हा कळलं. घरच्यांनी घाबरून गुडघ्याच्या वर दोरी आवळली आणि तिला खुर्चीत बसवलं, रक्त अजूनच जोरात. अशा वेळी माणसाला लगेच आडवं करायचं, पाय उंच धरायचा आणि स्वच्छ फडकं ठेवून त्या जागेवर दहा-पंधरा मिनिटं न उचलता दाबायचं, वरती दोरी बांधायची नाही. थांबतं. पण थांबलं तरी दवाखाना चुकवायचा नाही, परत फुटते. दुसरं म्हणजे एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर खोल शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते, त्याच दिवशी दाखवा. त्यात धाप लागली किंवा छातीत दुखलं तर एक मिनिट पण घालवू नका, 108 ला फोन करा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. कोझिकोडच्या कापड दुकानातल्या बायकांना पण असंच दिवसदिवस उभं ठेवायचे. त्यांनी विजी नावाच्या त्यांच्यातल्याच एका बाईंच्या पुढाकारानं वर्षानुवर्षं मागणी लावून धरली आणि 2018 साली केरळ सरकारनं दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. 2021 मध्ये तमिळनाडूनं पण केलं. आणि कारखान्यातल्या उभ्या कामगाराला संधी मिळेल तेव्हा बसता यावं म्हणून सोय करा, हे तर 1948 च्या कारखाना कायद्यात कलम 44 मध्येच लिहिलेलं होतं. म्हणजे सत्तरहून जास्त वर्षांपूर्वी दिल्लीत बसलेल्या लोकांना जे कळलं ते कापडपेठेत, गणपती पेठेत, हरभट रोडला कळायला काय हरकत आहे? मी कुठल्या मालकावर केस करा म्हणत नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा दोन मिनिटं टेकायला एक स्टूल, आणि टेकलं म्हणून कुणी बोलणार नाही एवढा शब्द. स्टूलला खर्च किती येतो ते त्यांनीच बघावं, दुकानात एसी बसवलेत त्यांनी.

आणि आपण गिऱ्हाईकांनी पण. बसलेल्या पोरीला बघून "काय गं, गिऱ्हाईक दिसत नाही का" म्हणणारे आपणच असतो. बसून साडी दाखवली तर साडीचा रंग उतरत नाही. पूर्वी गादीवर बसूनच तर व्यवहार व्हायचा, दुकानदार पण बसलेला, आपण पण बसलेलो, चहा यायचा, कुणाला उद्धट वाटलं नाही कधी.

हे फक्त बायकांचं आहे असंही नाही. एसटीचे कंडक्टर, चौकातले पोलीस, सलूनवाले, हॉटेलात भट्टीपुढं उभे राहणारे आचारी, मार्केट यार्डातले हमाल, शाळेतले शिक्षक, सगळ्यांच्या पँटच्या आत हेच आहे, फक्त पुरुष दाखवत नाहीत आणि जखम होईपर्यंत सांगत नाहीत.

माझी जखम लेसरनंतर अडीच महिन्यांत भरली. डाग गेला नाही, तो जाणार नाही म्हणाले. मी आता घरी फॉल-बिडिंग आणि ब्लाउज शिवते, मशीनवर बसून, मधीमधी उठून अंगणात फेरी मारते.

त्या दिवशी निघताना मी त्या पोरीला बाजूला घेतलं आणि विचारलं, कधीपासून? ती एकदम दचकली, मालकाकडं बघितलं, मग हळूच म्हणाली, "चार वर्षं झाली काकू, आईला पण आहे." मी तिथंच खाली वाकून तिची पोटरी बघितली, गुडघ्याच्या मागं अजून नुसत्या रेघा आहेत, कातडी स्वच्छ आहे, डाग नाही. अजून वेळ आहे तिच्याकडं. तिला माझा नंबर देऊन आलेय. येत्या सुट्टीच्या दिवशी तिला आणि तिच्या आईला, दोघींना घेऊन मी मिरजेला जाणार आहे डॉपलरला, सकाळच्या सिटी बसनं.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली
(नाव छापू नये ही विनंती)